मोहोळचं धोतर, बोटीवरची पंगत

समुद्रावर जेवायला बसताना अंगात काय घालायचं, हा प्रश्न मोहोळमध्ये पूर्वी कुणाला पडायचं कारणच नव्हतं. आमचं पाणी म्हणजे सीना, भीमा आणि आष्टीचा तलाव. आमचा प्रवास एकीकडे तुळजापूर, दुसरीकडे पंढरपूर, आणि पोटासाठी पुणे-मुंबई. आता मात्र सोलापूर-पुणे रस्त्यालगतच्या टूरवाल्यांच्या फलकांवर अष्टविनायक आणि चारधामच्या शेजारी पांढऱ्या जहाजाचं चित्र दिसतं. मुंबई ते गोवा, समुद्रातून, राहण्या-जेवणासकट. उसाचं बिल वेळेवर आलं, डाळिंबाला बरा भाव मिळाला, की लोक थांबून चौकशी करतात.

आमच्या ओळखीतल्या काही घरांनी मिळून जायचं ठरवलं. पैशाचं गणित पटकन जमलं. अडलं ते कपड्यांवर. एका पुतण्यानं ग्रुपवर कुठल्याशा परदेशी जहाजाच्या जेवणघराचा फोटो टाकला होता. पुरुष सगळे काळ्या कोटात, गळ्याला काळा बो, बायका पायघोळ झग्यांत. खाली लिहिलं होतं, 'फॉर्मल नाईट'. तेवढ्यानं गडबड उडाली. लग्नाचे सूट भाड्यानं देणाऱ्या दुकानाचा नंबर कुणीतरी पाठवला. एका वहिनींनी सरळ नाव मागे घेतलं. माझे चुलते पंच्याहत्तरीच्या पुढचे, उभा जन्म धोतर, नेहरू शर्ट आणि पांढरी टोपी. त्यांनी मला घरी बोलावून विचारलं, "धोतर चालतंय का तिथं? नसंल चालत तर आत्ताच सांग. माझ्या जागी दुसरं कुणीतरी येऊ दे. म्हातारपणी मला काय सोंग घ्यायचं न्हाई."

काकू आतून म्हणाल्या, "आणि मी नेसणार ते इरकलच. आधीच सांगून ठेवते."

मी कंपनीच्या सूचना वाचल्या. सुटाबुटाची सक्ती कुठेच नव्हती. तसं मी काकांना सांगितलं, वहिनींनाही फोन केला. पण त्या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही. पैसे भरलेला, स्वच्छ धुतलेलं धोतर नेसलेला माणूस जेवायला जाण्याआधी परवानगी विचारतो, ही सवय त्याला कुणी लावली?

निघण्याआधी पांडुरंगाच्या कानावर घालून येऊ, असा काकांचा हट्ट होता. मोहोळहून पंढरपूर चाळीसेक किलोमीटर. मोहोळ ते आळंदी हा पालखी मार्ग आता रुंद झाला आहे, त्यामुळे सकाळी निघून दुपारी परत येता येतं. दर्शन झालं, वाळवंटात थोडं बसलो, मग एका मठात प्रसादाला. पंगतीत पँटवाले होते, धोतरवाले होते, सफारीतला एक गृहस्थ होता, आणि गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला एक शेतकरी थेट रानातून आलेला दिसत होता. वाढणाऱ्यानं कुणाच्या कपड्यांकडे पाहिलं नाही. काका म्हणाले, "पांडुरंगाला चालतंय, मग बोटीला काय झालं?" पण याच पंढरपुरात काही माणसांना देवाच्या दारातून आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं होतं. तेव्हा ही पंगतसुद्धा आपोआप अशी झालेली नाही.

पंढरपुरात मला आणखी एक माणूस हटकून आठवतो. मकबूल फिदा हुसेन इथेच जन्मले, सप्टेंबर 1915 मध्ये. कवी गजानन माधव मुक्तिबोध 1964 मध्ये गेले. त्यांच्या अंत्ययात्रेनंतर हुसेननी पायताण सोडलं, ते कायमचं. आपल्या मराठी घरातला हिंदी कवी आणि आपल्या पंढरपुरात जन्मलेला चित्रकार, त्या दोघांमधला हा शोक होता. पुढे 1988 मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबनं हुसेनना अनवाणी आहेत म्हणून आत घेतलं नाही. ज्या पंढरपुरात पायताण बाहेर काढून आत जायचं असतं, तिथे जन्मलेल्या माणसाला पायात पायताण नाही म्हणून दाराबाहेर थांबावं लागलं. मला ही गोष्ट आजही बोचते. क्लबाला आपला नियम असू शकतो, हे मान्य. पण एका माणसाच्या शोकापेक्षा चामड्याचा बूट मोठा ठरतो, तेव्हा त्या नियमाचं मूळ तपासून पाहायला हवं.

असंच चेन्नईत घडलं. जुलै 2014 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंथामन वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून क्रिकेट संघटनेच्या क्लबात एका पुस्तक प्रकाशनाला गेले. त्यांना दारातून परत पाठवलं. तिथे लोक गप्प बसले नाहीत. पुढच्याच महिन्यात तामिळनाडू विधानसभेनं कायदा केला, की वेष्टी किंवा आपला पारंपरिक पोशाख घातला म्हणून क्लबाला कुणाला अडवता येणार नाही. आपल्या विधानसभेनं असा कायदा केलेला नाही. धोतर नेसणारा मराठी माणूस अशा दारापर्यंत फारसा जातच नाही, आणि तो का जात नाही याचं उत्तर काकांच्या प्रश्नात होतं.

सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली. आमच्या मंडळींत एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी एक लांब पिशवी वर न ठेवता खुंटीला टांगली होती आणि झोपेपर्यंत त्यांची नजर तिच्यावर होती. माझा मावसभाऊ सोलापुरात गणवेशाच्या कारखान्यात कटिंग करतो. चादर आणि टॉवेलसाठी सोलापूर सगळ्यांना माहीत असतं, पण शाळांचे, कारखान्यांचे, दवाखान्यांचे गणवेशही सोलापूर मोठ्या प्रमाणावर शिवतं. 2017 मध्ये तिथे गणवेश उत्पादकांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, तेव्हापासून आमच्या भावाची मान आणखी ताठ झाली आहे. त्यानं विचारलं, "ते काळ्या कोटाचं नेमकं काय हाय? कुणी काढलं ते?"

मी जे वाचलं होतं ते सांगितलं. ज्याला आपण सगळ्यांत कडक पोशाख समजतो, ते काळं डिनर जॅकेट मुळात सवलत म्हणून जन्माला आलं. पूर्वी इंग्लंडातल्या बड्या घरांत रात्रीच्या जेवणाला मागे शेपट्या असलेला लांब कोट घालावा लागे. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, पुढे जो सातवा एडवर्ड झाला, त्याला गावाकडच्या घरात सैलसर काहीतरी हवं होतं. लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या दुकानानं 1865 मध्ये त्याला आखूड कोट शिवून दिला, असं ते दुकान सांगतं. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये 1886 च्या सुमारास तोच कोट पोचला आणि त्या गावाचं नाव त्याला चिकटलं. जुन्या लोकांना तो तेव्हा घरगुती, थोडा आगाऊच वाटला असणार. पुढच्या दोन पिढ्यांत तोच दरवाजावरचा पहारेकरी झाला.

भावानं लगेच शिंप्याच्या डोक्यानं विचार केला. "म्हणजे शेपटी कापली, कापड वाचलं, शिलाईही कमी. आणि वर मान वाढला!"

बोटींवरही तसंच झालेलं आहे. मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर पहिल्या वर्गाचे उतारू रोज रात्री कपडे बदलून जेवायला येत. पण एडन ओलांडून तांबड्या समुद्रात शिरलं, की उकाड्यापुढे कुणाचा कोट टिकणार? ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यांनी तिथे कोट उतरवायची मुभा घेतली. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, काळी पँट आणि कमरेला कमरबंद. 'रेड सी रिग' नावाचा तो पोशाख आरमारात अजून चालतो, आपल्या नौदलातही. हवामानानं जिथे जोर केला, तिथे नियम वाकला. माणसानं जोर केला तर वाकायला मात्र त्याला फार वर्षं लागली.

मास्तर इतका वेळ नुसते ऐकत होते. ते म्हणाले, "आपल्या पंगतीचं सांगा की. आपल्याकडं नव्हता का ड्रेस कोड?"

होता. सोवळ्याच्या पंगतीला सदरा काढून, कद किंवा मुकटा नेसून बसायचं. शिवलेलं कापड चालायचं नाही. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला तर प्रायश्चित्त घेतल्याशिवाय पंगतीत घेत नसत, मग त्यानं बोटीवर काहीही नेसलेलं असो. ते सोवळं आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांसमोर सैल झालं. रेल्वेनं केलं, शहरातल्या खोल्यांनी केलं, नोकरीच्या वेळांनी केलं. त्यामुळे अन्न बाटलं नाही. मास्तर म्हणाले, "सोवळ्याची पंगत आमच्या वाट्याला नव्हती. आमची पंगत उठायची शेवटी, आणि बसायची लांब." त्यावर कुणी काही बोललं नाही. काकांनी त्यांच्याकडे पाण्याची बाटली सरकवली.

सकाळी बॅलार्ड पिअरला पोचलो. बॅगा जमा करायच्या रांगेत उभं असताना मास्तर मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, "बाबासाहेब गोलमेज परिषदेला 4 ऑक्टोबर 1930 ला मुंबईहूनच निघाले. 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीनं." ते तारखेसकट त्यांना पाठ होतं. पुढच्याच वर्षी, 29 ऑगस्ट 1931 ला, गांधीजी 'राजपुताना' बोटीनं दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले, तेही मुंबईहूनच. गांधीजी पंचा नेसून गेले आणि त्याच पंच्यावर बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जला भेटले. बाबासाहेब परिषदेत बसले ते नीटनेटक्या सुटात. एक वर्षाच्या अंतरानं, एकाच मुंबईतून. दोघांनीही कपडे समजून-उमजून निवडले होते. गांधीजींनी तर 1888 मध्ये विद्यार्थी म्हणून 'क्लाइड' बोटीनं जाताना उलट टोक अनुभवलं होतं. काटे-चमचे वापरता येत नाहीत आणि काय मागावं कळत नाही म्हणून ते जेवणघरात न जाता खोलीतच घरून आणलेलं खात. इंग्लंडला उतरताना खास राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट घातला, तर सप्टेंबरअखेरच्या त्या गर्दीत पांढऱ्यात ते एकटेच. त्या अठरा वर्षांच्या मुलाची लाज त्यांनी आत्मकथेत मोकळेपणानं सांगितली आहे. त्याच मुलाला पुढे राजवाड्यात पंचा नेसून जाता आलं, यात मोठी वाट चाललेली आहे.

आमचं जहाज होतं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस'. 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं, मूळचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', अठ्ठेचाळीस हजार टनांच्या वर. अमेरिकेच्या फ्लोरिडातून तीन-चार रात्रींच्या सहलींसाठीच ते घडवलं होतं. सप्टेंबर 2021 पासून ते मुंबईतून फिरू लागलं. आत शिरताच मावसभाऊ वर-खाली बघायचं सोडून कर्मचाऱ्यांच्या कॉलरी पाहत होता. शिवण सरळ आहे, कापड टेरीकॉटनचं आहे, बटणं बरी आहेत, असा शेरा त्यानं लिफ्टमध्येच दिला. काकांनी मात्र कठड्याला हात लावून पाहिला, खालच्या पाण्याकडे बघितलं आणि टोपी काढून हातात धरली. "एवढं पाणी," ते म्हणाले, "आणि प्यायला एक घोट न्हाई." दुष्काळ पाहिलेला माणूस समुद्राकडे असाच बघणार.

जहाज सुटलं तेव्हा सगळे वरच्या डेकवर होतो. गेटवे, ताज, मग कुलाब्याच्या टोकापलीकडचा प्रॉंग्ज दीपगृहाचा मनोरा. दक्षिणेकडे वळल्यावर डाव्या हाताला खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीच्या बेटाला आता कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. मास्तरांनी पोरांना जमवून तिथल्या तिथे इतिहासाचा तास घेतला, आणि पोरं खरोखरच ऐकत उभी राहिली.

पहिल्या रात्री जहाजावर कुणी नटत नाही, ही जगभरातली जुनी रीत आहे. बॅगा उशिरा खोल्यांत पोचतात म्हणून अगदी कडक कंपन्यासुद्धा त्या रात्री सूट देत आल्या. जेवणघरात आम्ही प्रवासातल्याच कपड्यांत गेलो. काकांनी धोतर बदलून दुसरं नेसलं होतं, तेवढाच फरक. दारातल्या मुलानं हात जोडून "नमस्कार, या" म्हटलं. काका क्षणभर थबकले, मग आत गेले. मी मागून चालत होतो. त्यांची पाठ सैल झालेली मला दिसली.

टेबलाशी वाढायला आलेला मुलगा गोव्याचा, सासष्टीकडचा. मराठी चांगलं बोलत होता. त्याचे आजोबा पी. अँड ओ.च्या बोटींवर स्टुअर्ड होते. त्या कंपनीची कामाची वाटणी ठरलेली होती. डेकवरचे खलाशी बहुतेक गुजरातचे आणि कोकण किनाऱ्याचे, भट्टीवर कोळसा ओढणारे पंजाब-सरहद्दीकडचे, आणि सलूनमध्ये वाढणारे गोवेकर. सुट्टीत ते मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला आपापल्या गावाच्या कुडीत उतरायचे. एकेका गावाची एकेक कूड, तिथे पेटी ठेवायची, आल्तारापुढे प्रार्थना करायची आणि पुढच्या बोटीची वाट बघायची. त्या मुलानं सांगितलं, "आजोबांच्या पेटीत पांढरे हातमोजे असायचे, इस्त्री केलेले. घरात कुणाला हात लावू देत नसत." ज्या टेबलाभोवती काळ्या कोटाशिवाय बसता येत नव्हतं, त्याच्याशी आयुष्यभर उभे राहिलेले हे सगळे तारवटी, म्हणजे बोटीवर राबणारे, आपलेच. नटून जेवायच्या त्या थाटात त्यांच्या वाट्याला हातमोजे आले.

परदेशी जहाजांवरचा तो थाट आता सैल होत चालला आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं 2000 मध्ये ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल आणि सक्तीच्या फॉर्मल रात्री काढून टाकल्या. तेव्हा इतर कंपन्यांनी नाकं मुरडली. सेलिब्रिटी कंपनीनं 2015 च्या अखेरीस फॉर्मल रात्रीच्या जागी 'इव्हिनिंग शिक' आणलं. टाय-कोट हवा असेल तर घाला, नीटनेटके या म्हणजे झालं. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी 2' वर अजून गाला रात्री होतात, पण ज्याला नटायचं नाही त्याला जेवायला दुसऱ्या जागा आहेत. सात रात्रींच्या सहलीत दोन फॉर्मल रात्री असा पूर्वी साधारण हिशेब होता. तो मोडायची कारणं रोजची आहेत. विमानात बॅग तेवीस किलोच्या वर गेली की पैसे मोजावे लागतात, मग एका रात्रीसाठी सूट आणि बूट कोण वाहून नेणार? जहाजावर म्हाताऱ्या जोडप्यांच्या जागी लेकुरवाळी कुटुंबं आली. कचेऱ्यांतूनच टाय गेला, तो सुट्टीत कुठून येणार? आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर 2020 मध्ये कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट बंद केला आणि काही महिन्यांत जीन्स परत चालू करावी लागली, ती याच वाऱ्यानं.

मला हे सैल होणं मनापासून आवडतं. सुट्टीला आलेल्या माणसाच्या गळ्याशी कुणी आवळू नये. पण दुसऱ्या संध्याकाळी जे झालं त्यानं मला आणखी थोडा विचार करायला लावलं.

त्या संध्याकाळी आमची मंडळी कुणीही न सांगता नटली. काकूंनी काठाला गर्द लाल असलेलं काळं इरकल नेसलं, खणाची चोळी घातली आणि नथही घातली. सहलीतून नाव मागे घेतलेल्या आणि फोननंतर परत आलेल्या वहिनींनी पैठणी काढली. काकांची टोपी नवी कोरी होती. आणि मास्तरांनी ती लांब पिशवी उघडली. आत गडद निळा थ्री-पीस सूट होता. जाकिटाच्या खिशाला पेन, टायची गाठ चोख, बूट आरशासारखे. मावसभावानं खांद्याची शिवण बोटानं चाचपली आणि म्हणाला, "मास्तर, हे काम कुणाचं? असा खांदा आता कुणी बसवत न्हाई."

जेवणघरात बहुतेक लोक टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीत होते. शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरांनी मास्तरांकडे पाहिलं आणि एक जण ऐकू जाईल असं म्हणाला, "अंकल शादी में आए हैं क्या?" बाकीचे हसले. काकांच्या धोतराला कुणी हसलं नाही. धोतराचं त्यांना कौतुक वाटलं, एकीनं तर त्यांच्यासोबत फोटो मागितला. हसू आलं ते सुटाला. मला राग आला, मी उठणार होतो. मास्तरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि सूप मागवलं.

नंतर डेकवर बसलो असताना त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी गावात चांगला सदरा घालून वाड्यासमोरून जायची सोय नव्हती. पायताण हातात घ्यायचं. नवा कपडा मिळाला तरी आधी मळवून घालायचा, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, की लुगडं पायघोळ नेसा, अंगावरचे ते चांदी-कथलाचे जाड दागिने टाका, तुमच्या कपड्यांवरून कुणी तुमची जात ओळखता कामा नये. "आमच्या आज्जीनं दुसऱ्या दिवशी नेसणं बदललं," मास्तर म्हणाले. "त्यावरून गावात भांडण झालं. नेसण्यावरून!" 14 ऑक्टोबर 1956 ला त्यांचे वडील धम्मदीक्षेसाठी नागपूरला गेले ते पांढरे कपडे शिवून, उसने पैसे काढून. "मी नोकरीला लागलो आणि पहिला पगार साठवून सूट शिवला. तेव्हापासून जिथं म्हणून मोठं जेवण असंल तिथं मी सूट घालतो. त्या पोरांना माहीत न्हाई, त्यांचा काय दोष? पण साधं राहावं असं ज्यांना वाटतं ना, त्यांना नटायला कुणी कधी अडवलेलं नसतं."

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यातला पोशाखाचा सगळा वाद नव्यानं उभा राहिला. आतापर्यंत मी तो काकांच्या बाजूनं पाहत होतो. सूट हा गोऱ्या साहेबाचा, धोतर आपलं, दार उघडा म्हणजे झालं. पण मास्तरांच्या अंगावरचा सूट साहेबाचा नाही. तो महाडचा आणि नागपूरचा आहे. फॉर्मल रात्र काढून टाकताना 'सगळ्यांनी सैल या' असा नवा दंडक बसला, आणि नटलेला माणूस हसण्याचा विषय झाला, तर आपण एक कुलूप काढून दुसरं लावलं. जगभरच्या क्रूझ कंपन्या पोशाखाची अट उतरवताना बॅगेचं वजन आणि तरुणांची आवड मोजतात. मास्तरांसारख्या माणसाला जेवणघरात ताठ मानेनं बसता येतं का, हेही मोजलं पाहिजे. त्यासाठी 'ज्याला जे आपलं उत्तम वाटतं ते घालून या' असं म्हणणं पुरेसं आहे. पण ते तोंडभर म्हणावं लागेल. नुसतं सक्ती नाही असं लिहून चालणार नाही, कारण ज्यांना पिढ्यान् पिढ्या दारात थांबवलंय त्यांना लिहिलेलं नसेल तर मनाई आहे असंच वाचायची सवय असते. काकांनीही तसंच वाचलं होतं.

आपल्या नौदलानं हे अलीकडे केलं आहे. डिसेंबर 2023 मध्ये मालवणला सिंधुदुर्गाच्या साक्षीनं नौदल दिन झाला, अ‍ॅडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या चिन्हांत शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची खूण आली. पाठोपाठ फेब्रुवारी 2024 मध्ये नौदलाच्या अधिकारी भोजनगृहांत कुर्ता-पायजमा, त्यावर बिनबाह्यांचं जाकीट, पायात बूट किंवा सँडल, याला स्पष्ट शब्दांत परवानगी मिळाली. युद्धनौकांवर आणि पाणबुड्यांवर ती लागू नाही, हेही सांगितलं गेलं. लष्करी शिस्तीच्या घराला जे लेखी सांगता येतं, ते सहलीच्या जहाजाला सांगायला काय हरकत आहे?

मुरगाव बंदरात उतरलो, पणजी-ओल्ड गोवा बघून परत चढलो. त्या भागाबद्दल मराठीत इतकं लिहिलं गेलंय की मी इथे भर घालत नाही. परतीच्या रात्री काकांना जेवणघरातला सगळा स्टाफ ओळखू लागला होता. शेजारच्या टेबलावरचा तोच मुलगा मास्तरांकडे आला. त्याच्या भाषेत माफी नव्हती. त्यानं एवढंच विचारलं, की टायची ही गाठ कशी बांधतात, पुढच्या महिन्यात त्याचा इंटरव्ह्यू आहे. मास्तरांनी स्वतःचा टाय सोडला आणि तीनदा सावकाश बांधून दाखवला. चौथ्यांदा त्या मुलानं बांधला, आणि तो बरोबर बसला.

सकाळी मुंबईत उतरण्याआधी अभिप्रायाचा कागद मिळाला. जेवण, खोली, करमणूक, सगळीकडे आम्ही खुणा केल्या. सूचनांच्या रकान्यात मी लिहिलं, की मराठी, हिंदी आणि इंग्रजीत रोजच्या पत्रकावर एक ओळ छापावी: संध्याकाळच्या जेवणाला धोतर, लुंगी, वेष्टी, कुर्ता-पायजमा, नऊवारी, फेटा, टोपी, आपल्या प्रांताचा जो पोशाख असेल तो घालून अवश्य यावं. वाचून काकांनी मान हलवली. सही करायला कागद मास्तरांकडे दिला. त्यांनी चष्मा लावला, 'टोपी'नंतरच्या जागेत बारीक अक्षरात 'सूट' घातलं आणि खाली मोहोळचा पत्ता लिहिला.